तोंड दाखवायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे

दारू सोडून चार महिने झालेला माणूस, पॉवर प्रेसवर बोटे गमावलेला कामगार आणि लकव्यातून उठून पुन्हा संसार हाती घेऊ पाहणारी भगिनी, या तिघांचे दुखणे वेगळे; पण एका टप्प्यावर तिघांची गरज एकच होते. औषधपाणी झाले, जखम भरली, दवाखान्यातून घरी पाठवले, आता पुढे काय? कामावर परत जायचे कसे, चारचौघांना तोंड द्यायचे कसे, घरात आपली जागा पुन्हा मिळवायची कशी? या प्रश्नांवर जाणकार माणसाशी निवांत बोलून मार्ग काढणे, याला पुनर्वसन समुपदेशन म्हणतात. शब्द जड आहे, काम साधे आहे. समुपदेशक भाषण देत नाही. तो ऐकतो, विचारतो आणि त्या माणसाला त्याची वाट शोधायला मदत करतो.

हे काम पूर्वी समोरासमोर बसूनच होत असे. आता ते मोबाईलवरूनही होते. २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे देशभर टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, केंद्र सरकारने डॉक्टरांनी दुरून सल्ला कसा द्यावा याचे नियम जाहीर केले. त्यात व्हिडिओ, नुसता आवाज आणि लेखी निरोप हे तिन्ही मार्ग मान्य झाले. समुपदेशकही त्याच सुमारास मोठ्या संख्येने या मार्गाला लागले. टाळेबंदी संपली, पण ही सोय राहिली, आणि कष्टकरी माणसाच्या दृष्टीने ती राहिली हे बरेच झाले. कल्याण-अंबरनाथकडच्या कामगाराला मुंबईच्या इस्पितळात अर्ध्या तासाच्या बोलण्यासाठी जायचे म्हणजे एक खाडा, गाडीभाडे आणि वर दिवसभराचा ताटकळा. ज्याचा एक पाय गेला आहे त्याने लोकलच्या गर्दीत चढायचे कसे, हा प्रश्न निराळाच. घरबसल्या बोलता आले तर हे सारे वाचते.

परंतु या सोयीबरोबर एक नवा पेच घराघरात शिरला आहे. कॅमेरा लावायचा की नाही? वस्तीत काम करताना आमच्या कानावर याच्या तक्रारी सतत येतात. पत्नी म्हणते, "भाऊ, हे फोनवर बोलतात, पण कॅमेरा काही लावत नाहीत. मग त्या बाईंना कसं कळणार, खरं बोलतात की खोटं?" आई म्हणते, "पोरगं कॅमेरा बघितला की उठून जातं." आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे तो एक कामगार आम्हाला म्हणाला, "भाऊ, तोंड दाखवायचं असतं, तर दवाखान्यातच गेलो नसतो का?"

या वाक्यावर सर्व कुटुंबांनी विचार करावा असे आम्हाला वाटते.

कॅमेऱ्यासमोर माणूस अवघडतो का?

अवघडतो, आणि त्याला कारणे आहेत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली एका लेखात व्हिडिओवरच्या बोलण्याने माणूस का थकतो, याची चार कारणे मांडली. पहिले, समोरचा चेहरा नको इतका जवळ दिसतो आणि सतत आपल्याकडे टक लावून पाहत आहे असे वाटते. दुसरे, आपले आपल्यालाच तोंड सारखे दिसत राहते. तिसरे, कॅमेऱ्याच्या चौकटीत राहायचे म्हणून माणसाला हलता-फिरता येत नाही. चौथे, समोरासमोर जे हातवारे, मान डोलावणे सहज कळते ते पडद्यावर कळवायला आणि कळून घ्यायला मेंदूला जास्त काम करावे लागते.

हे झाले धडधाकट माणसाबद्दल. आता ज्या भगिनीचा लकव्याने अर्धा चेहरा वाकडा झाला आहे, तिला पाऊण तास स्वतःचे तोंड पडद्यावर पाहत बोलायला लावले, तर ती मनातले काय सांगेल? जो भाजला आहे, ज्याचे हात दारू सोडल्यावर कापताहेत, ज्याला स्वतःचीच लाज वाटते, त्याचे काय? तो बोलण्यापेक्षा आपण कसे दिसतो याकडेच पाहत बसेल. आणखी एक गंमत पाहा. मोबाईलचा कॅमेरा वरच्या कडेला असतो आणि चेहरा मध्यावर दिसतो. त्यामुळे एकमेकांकडे पाहूनही नजरेला नजर मिळत नाही. समुपदेशक आपल्याकडे पाहत नाही, काहीतरी दुसरेच वाचतो आहे, असा संशय मनात येतो.

आपल्या घरांची गोष्ट तर आणखी वेगळी. दहा बाय बाराच्या खोलीत कॅमेरा लावला की नुसता माणूस दिसत नाही, सारा संसार दिसतो. दोरीवरचे कपडे, पत्र्याची गळती, कोपऱ्यात झोपलेला म्हातारा बाप, मागून जाणारी सून, सगळे त्या चौकटीत येते. समुपदेशकाच्या पाठीमागे पुस्तकांचे कपाट असते आणि आपल्या पाठीमागे मोरी. समुपदेशक त्यावरून काही मत करील असे नाही. पण बोलणाऱ्याच्या मनाला ते लागते. शिवाय व्हिडिओला आवाजापेक्षा कितीतरी जास्त डेटा लागतो. महिन्याचा रिचार्ज जपून वापरणाऱ्या घरात हाही विचार करावाच लागतो. मधेच चित्र थांबले, आवाज तुटला, की रडत बोलणाऱ्या माणसाला तेच वाक्य पुन्हा म्हणावे लागते. दुसऱ्यांदा ते म्हणण्याचे बळ प्रत्येकात असतेच असे नाही.

नुसत्या आवाजाचे बळ

तोंड दिसल्याशिवाय मदत होत नाही, असे समजण्याचे कारण नाही. १९५३ साली लंडनमध्ये चाड वाराह या धर्मोपदेशकाने जीवनाला कंटाळलेल्या माणसांसाठी टेलिफोनवरची सेवा सुरू केली. सॅमॅरिटन्स या नावाने ती आजही चालते. तिथे आवाजावरच विश्वास जुळत आला. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या मद्यपींच्या बंधुभाव-मंडळाचे नावच मुळी निनावीपणावरून पडले आहे. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या मंडळात माणूस आपले पहिले नाव सांगतो आणि बोलतो. टाळेबंदीत त्यांच्या सभा मोबाईलवर आल्या, तेव्हा हाच प्रश्न त्यांच्यापुढेही आला, कारण पडद्यावर पूर्ण नाव आणि चेहरा दोन्ही उघडे पडू शकतात. त्यावर पडद्यावर पहिलेच नाव ठेवावे, हवे तर कॅमेरा बंद ठेवावा, हा साधा उपाय आहे.

आपल्या देशातले उदाहरणही तेच सांगते. टेली-मानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक. चोवीस तास, मराठीसह अनेक भाषांत तिथे बोलता येते. ही सेवा सुरू झाली ती आवाजावर. व्हिडिओची सोय २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जोडली गेली, तीही आधी काही निवडक राज्यांत. म्हणजे दोन वर्षे ही राष्ट्रीय सेवा आवाजावरच चालली. व्यसनाबाबत १४४४६ हा केंद्र सरकारचा मोफत क्रमांक आहे. या क्रमांकांना डेटा लागत नाही आणि स्मार्टफोनही लागत नाही. साधा बटणांचा फोन पुरतो, हे आपल्या वयस्कर माणसांना मुद्दाम सांगावे.

कॅमेरा लागतो तो कुठे?

यावरून कॅमेरा वाईट, असे कोणी समजू नये. काही कामे त्याच्याशिवाय होत नाहीत. ज्याला ऐकू येत नाही आणि जो खुणांच्या भाषेत बोलतो, त्याच्यासाठी कॅमेरा म्हणजेच आवाज. त्याला नुसता फोन लावून देणे म्हणजे मदत नाकारणेच होय. लकव्यात ज्याची वाचा अडखळते, त्याचे ओठ आणि हात दिसले तर समुपदेशकाला अर्थ लागतो. व्यायाम बरोबर होतो की नाही, कृत्रिम पाय लावल्यावर चाल कशी पडते, हे सांगून कळत नाही, पाहावेच लागते. पहिल्या भेटीत समोरचा माणूस खरोखरच समुपदेशक आहे ना, याची खात्री पटण्यासाठीही दोन मिनिटे चेहरा पाहिलेला बरा.

इथे एक युक्ती आम्हाला फार उपयोगाची वाटते. मोबाईलला पुढचा कॅमेरा असतो तसा मागचाही असतो. अपंग व्यक्तीच्या पुनर्वसनात पुष्कळदा चेहऱ्यापेक्षा घर दाखवणे जास्त कामाचे असते. उंबरा किती उंच आहे, संडासाकडे जाताना पायरी कुठे आहे, दाराची रुंदी किती, खाट जमिनीपासून किती वर आहे, हे मागच्या कॅमेऱ्याने दाखवले, की जाणकार माणूस सांगू शकतो की भिंतीला कठडा कुठे ठोकावा, विटा टाकून उतार कुठे करावा. अशा वेळी कॅमेरा कुठे फिरवायचा हे त्या अपंग माणसाच्या हातात असते. ज्या घराची लाज वाटत होती, त्याच घरात काय बदलायचे ते तो दुसऱ्याला दाखवत असतो. एका हाताने कामाला लागलेल्या एका कामगाराने आपल्या चेहऱ्याऐवजी कामाचा टेबल दाखवला, आणि अवजारे डाव्या हाताला कशी मांडायची यावर सारी चर्चा झाली, असे त्याने आम्हाला सांगितले. चेहरा न दाखवताही भेट सार्थकी लागली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केली आणि पहिल्या काही दिवसांत त्याला जोराचा कंप सुटला, झटका आला, भलतेच दिसू लागले, तर तो फोनचा विषय राहत नाही. आवाजही नको आणि व्हिडिओही नको. तडक सरकारी दवाखाना गाठावा. जीव देण्याचे बोलणाऱ्या माणसालाही एकटे सोडू नये.

कॅमेरा म्हणजे हजेरीपत्रक नव्हे

आता मूळ तक्रारीकडे येऊ. "कॅमेरा नाही तर खरेखोटे कसे कळणार?" ज्या बाईने दहा वर्षे दारूड्या नवऱ्याचा संसार ओढला, तिच्या तोंडी हा प्रश्न आला तर तिला दोष देता येणार नाही. तिने खोटी वचने ऐकली आहेत, गहाण पडलेले मंगळसूत्र सोडवले आहे. तिला पुरावा हवा असतो. परंतु वहिनी, समुपदेशक हा टाइमकीपर नाही. मस्टरवर सही घेतली म्हणून काम झाले असे होत नाही, हे आम्ही कारकुनी करणारी माणसे चांगले जाणतो. जो माणूस पाळत म्हणून कॅमेऱ्यासमोर बसवला आहे, तो दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून, शहाण्यासारखे बोलून उठेल. "काल गुत्त्यासमोरून जाताना पाय थांबले होते," हे तो सांगणार नाही, आणि ऐकायला हवे असते ते नेमके हेच. हे आज सांगितले गेले तर उद्याची दारू टळू शकते. लपवले गेले तर पुन्हा पहिल्यापासून.

तसेच, तो बोलत असताना दाराआड उभे राहू नये, फोन स्पीकरवर टाकायला लावू नये आणि नंतर "काय काय बोललास" म्हणून उलटतपासणी घेऊ नये. घरच्यांचेही दुःख असते, त्यांनाही बोलायचे असते. त्यासाठी समुपदेशकाकडे स्वतंत्र वेळ मागावी. चांगला समुपदेशक ती देतो. एकाच फोनवर दोघांची भांडणे सोडवू पाहिली तर दोघांचेही बोलणे अपुरे राहते.

कायद्याचे पाठबळ

लपवाछपवी आणि खाजगीपणा यांत फरक आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून अमलात आला. दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था या कायद्याच्या व्याख्येत येतात. त्याचे कलम २३ उपचाराविषयीची माहिती गुप्त राखण्याचा हक्क देते. जिवाला धोका असणे, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद आहेत. कलम २४ प्रमाणे उपचार घेणाऱ्याचे छायाचित्र वा माहिती त्याच्या संमतीवाचून प्रसारमाध्यमांना देता येत नाही, आणि हा नियम डिजिटल रूपातल्या माहितीलाही लागू आहे. "आमच्या वस्तीतला अमुक व्यसनमुक्त झाला" म्हणून त्याचा व्हिडिओतला फोटो व्हॉट्सॲपवर फिरवणाऱ्या हौशी कार्यकर्त्यांनीही यातून बोध घ्यावा. हेतू चांगला असला तरी त्या माणसाला न विचारता त्याचे नाव चव्हाट्यावर मांडण्याचा अधिकार कोणालाच नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. खाजगीपणा ही सुस्थितांचीच गरज आहे, हा युक्तिवाद त्या निकालपत्रात अमान्य करण्यात आला. एका खोलीत सहा माणसे राहतात म्हणून त्यातल्या एकाला आपले मन झाकण्याचा हक्क नाही, असे होत नाही. डॉक्टरांसाठीच्या २०२० च्या नियमांतही रुग्णाला दुरून चाललेली तपासणी कोणत्याही टप्प्यावर थांबवण्याची मुभा दिलेली आहे.

घरात काय करता येईल?

पहिल्याच भेटीत समुपदेशकाला सरळ विचारावे, "मॅडम, कॅमेरा बंद ठेवून बोललं तर चालेल का?" विचारण्यात संकोच नको. समुपदेशकालाही चेहरा पाहण्याचे काही कारण असेल, तर त्याने ते समजावून सांगावे. मधला मार्गही निघतो. सुरुवातीची पाच मिनिटे व्हिडिओ, मग नुसता आवाज. किंवा आधी काही भेटी आवाजावर आणि ओळख झाल्यावर व्हिडिओ. आज लावला म्हणून पुढच्या वेळी लावलाच पाहिजे असे नाही.

व्हिडिओ लावायचाच असेल, तर भिंतीला पाठ करून बसावे म्हणजे मागचे घर दिसत नाही. फोन हातात न धरता डब्याला टेकवून समोर ठेवावा. पुष्कळ ॲपमध्ये स्वतःचे चित्र आपल्यापुरते झाकता येते, ते मुलांकडून शिकून घ्यावे. कानात इअरफोन घालावा, म्हणजे निदान समोरच्याचे बोलणे घरात ऐकू जात नाही. हे बोलणे कोणी रेकॉर्ड करते आहे का, पलीकडच्या खोलीत आणखी कोणी आहे का, हे विचारावे. समुपदेशकही आपल्याला विचारील, की तुम्ही कुठे आहात, जवळ कोण आहे, फोन तुटला तर कोणत्या नंबरवर लावू. हे प्रश्न चौकशीचे नसून काळजीचे असतात. अचानक कोणी खोलीत आले तर विषय बदलण्यासाठी एखादा खुणेचा शब्द आधीच ठरवून ठेवावा. "दूध उतू गेलं" एवढे म्हटले तरी पुरते.

भगिनींच्या बाबतीत हे अधिकच जपावे. आजारातून उठलेल्या सुनेला फोनवर बोलायला अर्धा तास मिळावा म्हणून सासूबाईंनी नातवाला घेऊन ओट्यावर बसावे. त्या अर्ध्या तासात सूनबाई कदाचित सासूबाईंबद्दलही बोलेल. बोलू द्यावे. मोकळी होऊन उठलेली सून घरालाच हवी असते.

आणि ज्या घरात कोपराच नाही त्यांनी काय करावे? पुष्कळजण रेल्वे पुलाखाली, गच्चीवर, कारखान्याच्या मागच्या भिंतीपाशी उभे राहून बोलतात. यावर आमची एक सूचना आहे. पुष्कळ वस्त्यांत समाजमंदिर आहे, विहार आहे, वाचनालयाची खोली आहे. दुपारी आणि रात्री आठनंतर ती बहुधा रिकामीच असते. तरुण मंडळाने आणि महिला मंडळाने मिळून आठवड्यातले चार तास ती खोली अशा बोलण्यासाठी राखून ठेवावी. एक खुर्ची, एक टेबल, पंखा, फोन चार्ज करायला बटण आणि आतून लागणारी कडी, याहून जास्त काही लागत नाही. दारावर "व्यसनमुक्ती कक्ष" अशी पाटी मात्र लावू नये. वहीत कारण लिहून घेऊ नये. कोण आले, कोण गेले, याची चर्चा कट्ट्यावर करू नये. किल्ली ज्याच्याकडे असेल त्याचे तोंड बंद असावे, एवढी एकच पात्रता त्याच्यासाठी पुरे.

माणूस घसरला की त्याला सावरायला आपण सारे धावतो, पण सावरताना त्याचा हात आपल्याच मुठीत धरून ठेवतो. पुनर्वसन म्हणजे त्याचे निर्णय पुन्हा त्याच्या हाती देणे. पगार कुणाच्या हाती द्यायचा, कामावर कधी जायचे, हे निर्णय पुढे येतीलच. कॅमेरा लावायचा की नाही, हा त्यातला सर्वांत लहान निर्णय आहे, आणि म्हणून तो सर्वांत आधी त्याच्या हाती देता येतो. ज्या घरात कुणी अशा वाटेवर असेल, त्या घराने या आठवड्यात एवढे तरी करून पाहावे. मंडळाच्या पुढच्या बैठकीत खोलीचा विषयही घ्यावा.